सरपंचपदाचा राजीनामा, कारणासकट

सरपंचपदाचा राजीनामा देताना माझं सगळ्यात जास्त भांडण झालं ते अर्जातल्या कारणावरून. मी पद सोडायला फारशी कुणाची हरकत नव्हती. काहींना तर ते हवंच होतं. हरकत होती ती मी का सोडतेय हे कागदावर येण्याला. "वैयक्तिक कारणास्तव लिहा ताई, सगळे तेच लिहितात," असं मला गावातल्या पुढाऱ्यांनी सांगितलं आणि पंचायत समितीतल्या टेबलावरही सांगितलं. मी ते लिहिलं नाही. का लिहिलं नाही, आणि खरं कारण लिहून दिलेला राजीनामा शेवटपर्यंत कसा जातो, हे नीट नोंदवून ठेवते. मला त्या वेळी हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आमचं गाव माणदेशातलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे आणि ज्यांच्याशी मतभेद झाले ती माणसं रोज चावडीवर, दूध डेअरीवर भेटणारी आहेत. पाऊस बेताचा, डाळिंबाच्या बागा, शेळ्यामेंढ्या, आणि घरटी एखादा माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात दूर कुठल्या तरी शहरात. सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं तेव्हा मी बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती, म्हणून वस्त्यावस्त्यांवर फिरत होते. डिसेंबर 2022 ची निवडणूक थेट जनतेतून झाली. सरपंच थेट निवडण्याची पद्धत 2017 ला आली, मध्ये रद्द झाली, आणि 2022 मध्ये परत आणली गेली. त्यामुळे मला मत देणाऱ्यांनी ते माझ्याच नावापुढचं बटण दाबून दिलं होतं, सदस्यांनी आपसात ठरवून मला खुर्चीत बसवलं नव्हतं. पुढे जे झालं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

वाद उभा राहिला तो खडी क्रशरवरून. गावाच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. तिथे खाणपट्टा आणि क्रशर टाकण्यासाठी एका व्यावसायिकाने ग्रामपंचायतीकडे नाहरकत दाखला मागितला. माळाच्या पायथ्याला गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर, थोडं अलीकडे शाळा, आणि उताराला डाळिंबाच्या बागा. शेजारच्या गावात क्रशर आहे, त्यामुळे काय होतं हे कुणाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. बहार धरलेल्या बागेवर धुरळा बसला की फूलगळ होते, सुरुंग उडाले की भिंतींना तडे जातात, आणि डंपरनी रस्ता एका पावसाळ्यात उखडतो. विहिरीचं पाणी खाली गेलं तर आमच्याकडे दुसरा आधार टँकरचाच.

पहिला नकार बायकांचा आला. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे, पण बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. आमच्याकडे मी आल्यापासून ती खरोखर भरत होती. त्या सभेत पाणी भरणाऱ्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या, बागेत छाटणीला जाणाऱ्या बायका बोलल्या. एका आजींनी विचारलं, "विहीर आटली तर दाखला पिणार का?" मग 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आला. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. त्या दिवशी त्याहून कितीतरी जास्त आली, आणि सभा चावडीपुढच्या लिंबाखाली घ्यावी लागली. नाहरकत देऊ नये, असा ठराव झाला. सूचक आणि अनुमोदक दोघीही महिला सभेतल्याच होत्या.

काही आठवड्यांनी ग्रामपंचायत सदस्यांनी लेखी मागणी करून हाच विषय आपल्या मासिक सभेच्या अजेंड्यावर घ्यायला लावला, आणि बहुमताने नाहरकत देण्याचा ठराव केला. त्यांची बाजूही मांडायला हवी. पोरांना गावात काम मिळेल, ट्रॅक्टर-जेसीबीवाल्यांना धंदा मिळेल, ग्रामपंचायतीला चार पैसे येतील, असं ते म्हणत होते, आणि त्यांच्यातल्या दोघांना तरी ते मनापासून वाटत होतं. गलाईसाठी बाहेर गेलेली पोरं परत यावीत ही इच्छा मलाही आहे. पण हा निर्णय ग्रामसभेने घेतला होता, आणि ज्यांच्या विहिरीशेजारी सुरुंग लागणार होते त्यांना न विचारता तो बंद खोलीत फिरवला गेला. मी विरोधात मत दिलं आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला.

आता अडचण कायद्याची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 38 नुसार पंचायतीने केलेल्या ठरावांची अंमलबजावणी करण्याचा कार्यकारी अधिकार सरपंचाकडे असतो. म्हणजे ठरावाच्या विरोधात मत दिलं तरी दाखल्यावर सही माझीच. मी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी मार्गदर्शन मागितलं. नियमानुसार कार्यवाही करावी, असं उत्तर आलं. ठराव स्थगित करावा म्हणून जिल्ह्याला अर्ज केला. तो पुढे पाठवल्याचं कळवलं गेलं, त्यापुढे काही नाही.

दाखल्यावर सही केली नाही तेव्हा सदस्य मासिक सभेला येईनासे झाले. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊ लागल्या. पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, मोटारीचं वीजबिल, वित्त आयोगातल्या कामांची देयकं, सगळं लटकलं. शिवाय ठरावाची अंमलबजावणी करत नाही म्हणजे कर्तव्यात कसूर, पदावरून काढायला कलम 39 खाली तक्रार करू, असं मला ऐकवलं गेलं.

इथे बरेच जण विचारतात, आणि रास्तच विचारतात, की मग बसून का राहिला नाहीत? थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणणं सोपं नसतं. सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर ग्रामसभेची मान्यता. ग्रामसभा माझ्या बाजूला होती. म्हणजे अविश्वासाने मला कुणी काढू शकत नव्हतं. बचत गटातल्या बायका रात्री घरी येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "आक्का, तू गेलीस की उपसरपंच सही करणार. मग तुझ्या जाण्याचा उपयोग काय?"

हा प्रश्न मी टाळला नाही. त्यावर खूप विचार केला. सही न करता खुर्चीत राहिले तर मी क्रशर थांबवत होते हे खरं, पण ते दर महिन्याला गावाचं पाणी, पगार आणि कामं ओलीस ठेवून. आणि जो माणूस पहाटे वॉल्व फिरवायला जातो त्याच्या घरात त्या भांडणाने चूल अडते. ज्या दिवशी मी थकून, किंवा त्या माणसाची दया येऊन सही केली असती, त्या दिवशी दाखल्याचा अर्थ असा झाला असता की गावाने होकार दिला. सरपंचाच्या सहीचा बाहेरच्या कार्यालयात हाच अर्थ घेतात. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती जी सदस्यांच्या बहुमताने बदलता येत नव्हती: माझी सही कशावर नाही आणि का नाही, हे सरकारी दप्तरात लिहून ठेवणं. सही न करता गप्प बसले असते तर ती केवळ दिरंगाई दिसली असती. कारण लिहून पद सोडलं तर तो पुरावा होता.

वर्तमानपत्रांत तत्त्वासाठी राजीनामा म्हणून जे काही येतं त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, असं मला तेव्हा वाचताना जाणवलं. 1956 च्या नोव्हेंबरात अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं, ते आपल्या खात्यात झालेल्या गोष्टीची नैतिक जबाबदारी घेऊन. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं ते मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाला विरोध म्हणून. पहिल्यात माणूस म्हणतो, माझ्या हाताखाली घडलं, जबाबदारी माझी. दुसऱ्यात तो म्हणतो, हे माझ्या हातून घडणार नाही. माझं प्रकरण दुसऱ्या जातीचं होतं, कितीही छोटं असलं तरी. आणि दुसऱ्या जातीच्या राजीनाम्यात कारण गाळलं तर काहीच उरत नाही.

यात मला सगळ्यात आधार वाटला तो बाबासाहेबांचा. सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं हे त्यातलं मोठं कारण, पण एकटं नव्हे. अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, अशी बाकीची कारणंही त्यांनी एकेक करून मांडली होती. ऑक्टोबरमध्ये संसदेत ते निवेदन करायला उभे राहिले, तर निवेदनाची प्रत आधी द्या असं पीठासनावरून सांगण्यात आलं. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. त्यांचं पद केव्हाच गेलं होतं. त्या दिवशीचा झगडा होता तो कारण लोकांपर्यंत पूर्ण पोचण्याचा. ते निवेदन मी मराठीत वाचलं तेव्हा माझ्या अर्जातलं कारण गाळायचं नाही हे पक्कं झालं.

अर्ज लिहायच्या आधी मी एक काम केलं, ते जो कुणी या वाटेने जाईल त्याने करावंच. खुर्चीत असतानाच महिला सभेचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, मासिक सभेचा ठराव आणि माझा नोंदवलेला विरोध, या सगळ्यांच्या सही-शिक्क्याच्या साक्षांकित नकला काढून घेतल्या. गटविकास अधिकाऱ्यांचं उत्तर आणि जिल्ह्याच्या अर्जाची पोचही लावली. पद गेल्यावर आपण त्याच कार्यालयात अर्जदार होतो. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, 30 दिवस थांबा, आणि अपील करा.

राजीनामा कुणाला द्यायचा, यावर गावात वेगवेगळी मतं होती. कुणी तहसीलदार म्हणे, कुणी जिल्हाधिकारी. कलम 34 मध्ये स्पष्ट आहे: सरपंचाने पंचायत समितीच्या सभापतींना उद्देशून, स्वतःच्या सहीने लिहून द्यायचा, उपसरपंचाने सरपंचाला. पण आमच्या पंचायत समितीला सभापतीच नव्हते. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, ओबीसी आरक्षणाच्या कोर्टातल्या वादात निवडणुका लांबल्या, आणि तिथे प्रशासक बसले. पंचायत समितीवर तेव्हा गटविकास अधिकारीच प्रशासक. लोकांनी निवडलेल्या सरपंचाने आपलं म्हणणं लोकांनी निवडलेल्या सभापतीपुढे ठेवावं अशी कायद्याची रचना आहे. ती खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहणं ही गंभीर गोष्ट आहे, आणि तिची किंमत अशा वेळी कळते. मी "मा. प्रशासक तथा गटविकास अधिकारी" असं लिहिलं.

अर्ज टाइप केला नाही, हाताने लिहिला. तालुक्याच्या वकीलबाईंनी तसं सुचवलं होतं. हस्ताक्षर असलं की दुसऱ्याने लिहून फक्त सही घेतली असं कुणी म्हणू शकत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली: आरोप एकही नको. कुणी पैसे घेतले, कुणाचा मुलगा क्रशरवाल्याकडे कामाला लागणार आहे, हे गावभर बोललं जात असलं तरी अर्जात येता कामा नये. जे दप्तरात आहे तेवढंच. त्यामुळे अर्ज छोटा झाला. ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख, मासिक सभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख, आणि मग ही वाक्यं:

"ग्रामसभेने नाकारलेल्या बाबीस नाहरकत देण्याचा ठराव मासिक सभेने बहुमताने केला आहे. त्या ठरावास माझा विरोध नोंदलेला आहे. त्याची अंमलबजावणी माझ्या सहीने व्हावी हे मला मान्य नाही आणि त्यावाचून ग्रामपंचायतीचे दैनंदिन कामकाज थांबलेले आहे. या कारणासाठी मी सरपंचपदाचा राजीनामा स्वेच्छेने देत आहे."

आवक टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला आणि परत सरकवला. खणातून एक छापील नमुना काढला. त्यात "कौटुंबिक अडचणीमुळे" हे आधीच टाइप केलेलं होतं, फक्त नाव आणि गाव भरायचं. मग त्यांनी माझ्या मागे बघून विचारलं, "मिस्टर आलेत का?" मी म्हटलं, राजीनामा माझा आहे. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की कारण लिहिलं की चौकशी लागते, पत्रव्यवहार वाढतो, तुम्हालाच हेलपाटे. मी शांतपणे विचारलं की कारण लिहू नये असा नियम असेल तर दाखवा. नियम नव्हता. कलमात कारण द्यायलाच हवं असंही नाही आणि देऊ नये असंही नाही. शेवटी आवक क्रमांक पडला. मी माझ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख आणि सही घेतल्याशिवाय जागची हलले नाही. ती पोच नसती तर पुढे अर्ज मिळालाच नाही म्हणायला वाट मोकळी होती.

नंतर पंचायत समितीचे विस्तार अधिकारी जबाब घ्यायला गावात आले. राजीनामा स्वखुशीने दिला का, कुणाचा दबाव आहे का, सही तुमचीच का, असे प्रश्न. हे प्रश्न मला मुळीच अपमानाचे वाटले नाहीत. आपल्याकडे पॅनलच्या बैठकीत पद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात आणि निवडणुकीच्या आधीच राजीनाम्यावर सही घेऊन तो पॅनलप्रमुखाच्या कपाटात ठेवतात. राखीव जागेवरच्या बाईची सही तर घरातलेच घेतात. अशा किती जणींना आपण राजीनामा दिला हे गावाच्या तोंडून कळलं असेल. म्हणून कुणीतरी येऊन समोर बसवून विचारणं हे बरोबरच आहे. फक्त त्यांनी माझ्या नवऱ्याचाही जबाब हवा म्हटल्यावर मी नकार दिला. ते मतदारांनी निवडून दिलेले नाहीत, त्यांचा जबाब कशासाठी? साहेबांनी थोडा विचार केला, आणि तो कागद बाजूला ठेवला. माझा जबाब मी पूर्ण वाचून, एका ठिकाणी "वैयक्तिक" हा शब्द आला होता तो खोडून, त्या खाडाखोडीवर सही करून दिला.

मग अर्ज ग्रामसेवकांकडे आला. आमच्याकडे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. कायद्यानुसार तो लगेच येणाऱ्या पुढच्या मासिक सभेपुढे ठेवायचा असतो. इथे एक मोठा गैरसमज आहे. सदस्यांना वाटत होतं की राजीनामा मंजूर किंवा नामंजूर करायचा त्यांना अधिकार आहे. एकाने तर माझ्याविषयीच्या आपुलकीने "नामंजूर" असा ठराव मांडायची तयारी केली होती. सभेला तसा अधिकार नाही. राजीनामा सभेपुढे ठेवला जातो, एवढंच. तिथून सात दिवस मोजले जातात. त्या सात दिवसांत राजीनामा देणाऱ्याने तो खरा नाही अशी हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे घेतली नाही, तर तो अमलात येतो.

भाऊसाहेबांनी इतिवृत्तात एक ओळ लिहिली होती: सरपंच यांचा राजीनामा सभेपुढे ठेवला, सभेने नोंद घेतली. मी म्हटलं, अर्ज जसाच्या तसा उतरवून घ्या. यावरून सभा तापली. अर्ज फाईलला लागलेला आहेच, पुन्हा कशाला, असं एका बाजूचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की फाईल हरवते, इतिवृत्ताची पानं क्रमांकाने बांधलेली असतात. आणि पुढे कुणी नकला मागितल्या तर त्याला अर्ज शोधत बसावा लागू नये. बराच वेळ गेला. शेवटी ज्या ज्येष्ठ सदस्यांनी क्रशरच्या बाजूने मत दिलं होतं तेच म्हणाले, "लिवा भाऊसाहेब. बाईनं खोटं कायच लिवलं न्हाई. आमी हात वर केला ती बी तारीख त्यात हाय." अर्ज मोठ्याने वाचला गेला आणि शब्दशः उतरवला गेला. त्या आबांचं आणि माझं आजही पटत नाही, पण त्या दिवशीचं त्यांचं वागणं मी विसरणार नाही.

सगळ्यात कठीण होते ते त्यानंतरचे सात दिवस. तोवर गप्प असलेली माणसं घरी यायला लागली. ज्यांना मी जायला हवी होते त्यांनाही आता कारण इतिवृत्तात आल्याचं टोचत होतं. त्यांचा प्रस्ताव असा: तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे हरकत घ्या, राजीनामा रद्द होईल, कारणही आपोआप निकालात निघेल, दाखल्याचं आपण बसून बघू. बायकांनाही वाटत होतं की मी परत यावं. सासूबाई म्हणाल्या, माणसं दारात आलीत, एवढं ताणू नये. पण हरकत कशाची घ्यायची? हा अर्ज मी लिहिला नाही, ही सही माझी नाही, असं मला जिल्हाधिकाऱ्यांपुढे म्हणावं लागलं असतं. ज्यांची सही खरोखर जबरदस्तीने घेतलेली असते त्यांच्यासाठी ती तरतूद आहे. ती मी सोयीसाठी वापरली असती तर पुढच्या खऱ्या पीडित बाईवर कुणी विश्वास ठेवला नसता. मी प्रत्येकाला चहा दिला आणि प्रत्येकाला नाही म्हटलं.

पद गेलं त्या दिवशी करायच्या कामांत एक गोष्ट फार महत्त्वाची असते, ती म्हणजे डिजिटल सही. वित्त आयोगाचे पैसे आता चेकने निघत नाहीत. ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन निघतात. कितीतरी गावांत सरपंचाचं डोंगल, म्हणजे ती सही ज्यात असते ते संगणकाला लावायचं छोटं उपकरण, संगणक परिचालकाच्या टेबलावर पासवर्डसकट पडलेलं असतं. माझं मी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवलं होतं. राजीनामा अमलात आल्यावर माझी डिजिटल सही प्रणालीतून काढून टाकावी असा लेखी अर्ज दिला, पोच घेतली. बँकेला सहीचे अधिकार बदलण्याबद्दल पत्र दिलं. शिक्के, किल्ल्या, माझ्याकडचे कागद, सगळ्याची यादी करून उपसरपंचांना चार्ज दिला आणि यादीवर दोघांच्या सह्या केल्या. माझ्या नंतर माझ्या नावाने एकही पैसा निघू शकणार नाही याची खात्री होईपर्यंत मी चार्ज पूर्ण झाला असं मानलं नाही.

थेट निवडून आलेल्या सरपंचाचा वेगळा वॉर्ड नसतो. पद गेलं की सभेत बसायचा हक्कही गेला. दुसऱ्या दिवसापासून मी बागेत होते आणि बचत गटाच्या हिशेबाला बसले होते.

उपसरपंचांनी प्रभारी म्हणून नाहरकत दाखल्यावर सही केली. बायका म्हणाल्या होत्या तसंच झालं, आणि त्या दिवशी मला वाईट वाटलं. तसं वाटणार हे माहीत असूनही वाटलं. पण पुढे काय झालं तेही सांगते. गावातल्या शेतकऱ्यांनी महसूल खात्याकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे हरकती दाखल केल्या. क्रशरला मंडळाचं संमतीपत्र लागतं. हरकतीला त्यांनी तीन नकला जोडल्या: ग्रामसभेचा नकाराचा ठराव, मासिक सभेचा होकाराचा ठराव, आणि माझा राजीनामा उतरवलेलं इतिवृत्ताचं पान. त्या पानामुळे कुणाला असं म्हणता आलं नाही की ग्रामसभेच्या ठरावाची सरपंचांना कल्पना नव्हती किंवा गावात दुमत नव्हतं. फाईल पुढे सरकली नाही. ग्रामसभेचं म्हणणं नव्याने घेऊन कळवा, असं पत्र ग्रामपंचायतीला आलं आहे.

मधल्या काळात पोटनिवडणूक लागली. जागा महिलांसाठीच राखीव होती. पुन्हा उभं राहा असा आग्रह झाला, पण मी अर्ज भरला नाही. सदस्य तेच होते, बहुमत तेच होतं, आणि मी निवडून आले असते तरी पहिल्या मासिक सभेत तोच कागद तिथेच समोर आला असता. महिला सभेत पहिल्यांदा बोललेली आमच्यातली एक जण उभी राहिली. तिच्यासाठी मी वस्त्यांवर फिरले.

आता ग्रामसभेची नोटीस लागली आहे. क्रशरचा विषय पत्रिकेवर आहे. काळजी एकाच गोष्टीची आहे. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग जी मूठभर माणसं येतील ती ठरवतील. डाळिंबाची तोडणी चालू आहे, माणसं दिवसभर बागेत असतात, आणि मळ्यातल्या वस्त्यांवर नोटीस पोचत नाही. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी-तिघी एकेका वस्तीवर जाऊन सांगतोय की त्या दिवशी सकाळी तोडणी दोन तास उशिरा धरा, आधी चावडीवर या, आणि हजेरीच्या वहीत सही केल्याशिवाय माघारी फिरू नका.